उंच इमारतीवरचा फुटका टेराकोटा बदलतात कसा?

न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे रस्त्यावरची वूलवर्थ इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली तेव्हा ती जगातील सर्वांत उंच इमारत होती आणि १९३० पर्यंत हा मान तिच्याकडेच राहिला. ७९२ फूट उंचीच्या या इमारतीचे अगदी खालचे मजले सोडले, तर रस्त्यावरून पांढरट दगडासारखा दिसणारा तिचा दर्शनी भाग दगडाचा नाही. तो भट्टीत भाजलेल्या आणि वरून झिलई दिलेल्या मातीचा, म्हणजे टेराकोटाचा आहे. १९७७ ते १९८१ या काळात तिची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा टेराकोटाचे सुमारे २६,००० तुकडे काढून त्यांच्या जागी काँक्रीटचे तुकडे बसवण्यात आले. मातीच्या जागी माती न बसवता काँक्रीट का निवडले गेले, त्यात काय चुकले किंवा काय बरोबर होते आणि आज तसेच काम निघाले तर ते कोणत्या क्रमाने होते, हे समजून घेण्यासाठी आधी हा तुकडा मुळात असतो कसा ते पाहावे लागते.

टेराकोटा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कुंड्या, पणत्या किंवा शोभेची मुखवटे येतात. इमारतीवरचा टेराकोटा त्याच कुळातला असला तरी त्याचे काम वेगळे असते. तो बहुधा एक पोकळ ठोकळा असतो. चिकणमातीत आधीच भाजलेल्या मातीची भरड पूड मिसळायची, हे मिश्रण प्लास्टरच्या साच्यात हाताने दाबून साधारण इंचभर जाडीची भिंत तयार करायची, आत आडव्या-उभ्या पडद्या ठेवून तिला बळकटी द्यायची आणि मागची बाजू उघडी ठेवायची, अशी ती पद्धत. ठोकळा वाळला की त्यावर झिलईचा थर देऊन तो भट्टीत भाजला जातो. इमारतीवर बसवताना मागच्या पोकळीत विटांचे तुकडे आणि मसाला भरत, आणि लोखंडी कांबी व आकडे वापरून ठोकळा मागच्या विटांच्या भिंतीला किंवा पोलादी सांगाड्याला अडकवत. ही लोखंडी अडकवणी बाहेरून कधीच दिसत नाही, आणि पुढच्या सगळ्या कथेची गोम तिथेच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत या पदार्थाचा एवढा बोलबाला का झाला, याची कारणे अगदी व्यवहारी होती. १८७१ मध्ये शिकागोला लागलेल्या प्रचंड आगीनंतर उघडे लोखंड आगीत टिकत नाही हे लोकांना कळून चुकले होते, आणि भट्टीतून निघालेल्या मातीला आगीचे भय नव्हते. पोकळ असल्यामुळे हे ठोकळे घडीव दगडापेक्षा बरेच हलके असत, त्यामुळे उंच सांगाड्यावरचा भार कमी होई. शिवाय दगडावर एकच फूल शंभर वेळा कोरायचे तर शंभर वेळा मजुरी द्यावी लागते. इथे एकदा साचा झाला की त्यातून हवी तितकी फुले निघतात. वूलवर्थचे वास्तुविशारद कॅस गिल्बर्ट यांनी या सोयीचा पुरेपूर उपयोग केला. त्यांनी गॉथिक धाटणीच्या नक्षीने इमारत मढवली, आणि वरच्या मजल्यांवरची नक्षी खालून दिसावी म्हणून तिचा आकार मोठा ठेवून पांढरट पार्श्वभूमीवर निळे, हिरवे, पिवळे रंग खेळवले. हे ठोकळे अटलांटिक टेराकोटा कंपनीने पुरवले. कोळशाच्या धुराने काळवंडणाऱ्या शहरात झिलईचा पृष्ठभाग पावसाने आपोआप धुतला जाईल आणि त्याला देखभाल अशी काही लागणारच नाही, असा तेव्हा पुष्कळांचा समज होता. हा समज फार महागात पडला, असे माझे मत आहे, कारण ज्या वस्तूला देखभाल लागत नाही असे मानले जाते, तिच्याकडे कोणी पन्नास वर्षे वळूनही पाहत नाही.

झिलईतून पाणी आत जात नाही हे खरे. पण ठोकळे जिथे एकमेकांना भिडतात त्या दरजांमधून, गच्चीच्या कठड्यावरून, कंगोऱ्याच्या, म्हणजे माथ्याशी भिंतीबाहेर आलेल्या नक्षीदार पट्ट्याच्या, वरच्या सपाट पृष्ठभागावरून ते आत जाते. एकदा आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी असते, आणि तीच झिलई आता ती वाट अडवते. मागच्या भरावात मुरलेले पाणी थंडीत गोठते, फुगते आणि झिलईचे पोपडे उडवते; कधी झिलईबरोबर मातीचाही थर सुटून येतो. त्याहून घातक काम लोखंडावर होते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, त्यामुळे ठोकळ्याच्या आतली कांब हळूहळू जाड होत जाते आणि इंचभर जाडीच्या मातीच्या भिंतीला आतून फोडते. मुंबईतल्या जुन्या काँक्रीटच्या इमारतींत स्लॅबमधला गज गंजून खालचा गिलावा आणि काँक्रीट सुटून पडते, त्यामागचे कारण नेमके हेच आहे.

दुसरे कारण थोडे अधिक गुंतागुंतीचे आहे. भट्टीतून निघालेली माती पूर्ण कोरडी असते. त्यानंतर वर्षानुवर्षे हवेतला ओलावा शोषून ती अगदी किंचित फुगत राहते, आणि ही फूग परत जात नाही. याउलट उंच इमारतीचा पोलादी सांगाडा भार वाढत जाईल तसा किंचित दबतो. म्हणजे आतला सांगाडा आखूड होऊ पाहतो आणि बाहेरचे आवरण लांब होऊ पाहते. आज अशा ठिकाणी दर मजल्यावर ठोकळ्यांना आधार देणाऱ्या पोलादी पट्टीखाली एक नरम सांधा मुद्दाम ठेवतात, म्हणजे ही हालचाल तिथे सामावली जाते. पण सुरुवातीच्या उंच इमारतींत असे सांधे ठेवण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे जो भार सांगाड्याने पेलायचा, तो थोडाथोडा करून दर्शनी ठोकळ्यांवर येत गेला, आणि इमारतीच्या कोपऱ्यांवर मजल्यामागून मजले ओलांडत जाणारे उभे तडे पडले. असा तडा गेलेला ठोकळा नुसता काढून तिथे नवा बसवला, तर काही वर्षांनी तोही तसाच तडकतो. त्याच्यावरचा दाब कुठेच गेलेला नसतो.

हा प्रश्न सौंदर्याचा न राहता जीवितरक्षणाचा कसा झाला, हे न्यूयॉर्कच्या कायद्यांवरून कळते. १९७९ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका इमारतीचा तुकडा पडून पदपथावरून जाणाऱ्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. त्यानंतर १९८० मध्ये शहराने कायदा केला की सहा मजल्यांपेक्षा उंच इमारतींच्या रस्त्याकडील दर्शनी भागाची दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून पाहणी झालीच पाहिजे. १९९८ मध्ये तो कडक करून इमारतीच्या इतर बाजूही त्यात आणल्या गेल्या. एवढे असूनही डिसेंबर २०१९ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ एका इमारतीवरून पडलेल्या मलब्याने एका पादचारी महिलेचा बळी गेला. त्या इमारतीच्या वरच्या भागातला टेराकोटा खराब झाल्याबद्दल मालकाला त्याच वर्षी आधी नोटीस मिळालेली होती. पाहणी होणे आणि काम होणे यांत किती अंतर असते, याचे हे कठोर उदाहरण आहे. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, पण तिचा भर मुख्यतः इमारत उभी राहील की नाही यावर असतो. न्यूयॉर्कच्या कायद्याचा रोख इमारतीवरून काही खाली पडेल का, यावर आहे.

अशा भीतीच्या वातावरणात मालकांना सुचणारा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नक्षी छाटून टाकणे. शिकागोमध्ये १९७० च्या दशकात अशीच एक दुर्घटना घडल्यावर अनेक इमारतींचे बाहेर आलेले कंगोरे काढून टाकले गेले, आणि आजही त्यांचे माथे बोडके दिसतात. त्यामुळे वूलवर्थच्या मालकांनी छाटणीऐवजी बदलण्याचा मार्ग धरला, ही बाब त्यांच्या काँक्रीटवर टीका करण्यापूर्वी लक्षात ठेवायला हवी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली पायरी म्हणजे पाहणी, आणि ती दुर्बिणीने होत नाही. झुलत्या परांचीवरून किंवा दोरावरून उतरून प्रत्येक ठोकळ्याला हात लावावा लागतो. हातात लाकडी हातोडी असते आणि आपल्याकडे बाजारात माठ घेताना जसा बोटाने वाजवून पाहतात, तसा एकेक ठोकळा वाजवून पाहतात. धड ठोकळा खणखणीत वाजतो. आतून तडकलेला किंवा मागच्या भरावापासून सुटलेला ठोकळा बद्द आवाज करतो. या पद्धतीला मर्यादा आहेत, कारण मागे भराव गच्च असला तर चांगला ठोकळाही बद्द वाजू शकतो. म्हणून संशयाच्या जागी बारीक छिद्र पाडून आत कॅमेऱ्याची नळी घालतात, धातुशोधकाने कांबींची जागा शोधतात आणि निवडक ठिकाणी एखादा ठोकळा उघडून आतल्या पोलादाची अवस्था डोळ्यांनी पाहतात. कोपऱ्यांत दाब किती साठला आहे हे कळण्यासाठी ठोकळ्यावर ताण मोजणारी पट्टी चिकटवून त्याच्या बाजूच्या दरजा कापतात. सुटलेला ठोकळा किती पसरतो त्यावरून त्याने किती भार पेलला होता याचा अंदाज येतो. प्रत्येक ठोकळ्याला क्रमांक देऊन हे सारे इमारतीच्या रेखाचित्रावर नोंदवले जाते.

या नोंदींवरून ठरते ते कोणता ठोकळा बदलायचा यापेक्षा कोणता बदलायचा नाही हे. जुन्या वास्तूंच्या जतनाबाबत अमेरिकेत मान्य असलेले तत्त्व असे की जे दुरुस्त होऊ शकते ते बदलू नये, आणि बदलणे अटळ असेल तर नवा भाग आकार, रंग आणि पोत यांत, आणि शक्य असेल तिथे पदार्थातही, जुन्याशी जुळावा. झिलईवर केसांसारख्या बारीक रेषांचे जाळे दिसते म्हणून ठोकळा काढून टाकणे ही उधळपट्टी असते. मातीच्या फुगण्याने झिलई ताणली जाऊन ते जाळे पडते आणि एवढ्यावरून ठोकळा कमकुवत ठरत नाही. झिलईचा टवका उडाला असेल तर ओलावा आतून बाहेर जाऊ देणारा लेप तिथे देता येतो. आतून धड असलेल्या ठोकळ्यातला तडा भरता येतो, आणि सुटू पाहणारा ठोकळा न गंजणाऱ्या पोलादाच्या कांबीने जागेवरच बांधता येतो. ज्याचा बराचसा भाग गेला आहे, जो आरपार तडकून सैल झाला आहे, किंवा ज्याच्या मागचे पोलाद दुरुस्त करण्यासाठी त्याला काढताना तो वाचणारच नाही, तोच बदलावा. काही उपायांनी मात्र उलट हानी होते: वाळूच्या फवाऱ्याने सफाई केली तर झिलईच उडते, साऱ्या पृष्ठभागावर जलरोधक थर दिला तर आत शिरलेले पाणी कोंडले जाते, आणि निव्वळ सिमेंटच्या टणक मसाल्याने दरजा भरल्या तर दाब दरजेत न जिरता ठोकळ्याच्या कडांवर येतो आणि कडा फुटतात. मसाला नेहमी ठोकळ्यापेक्षा नरम हवा. झिजायचे, तुटायचे असेल तर ते मसाल्याने, कारण तो पुन्हा भरता येतो.

बदलायचे ठोकळे ठरले की ते घडवण्याचे काम सुरू होते, आणि इथे मातीचा स्वभाव आडवा येतो. वाळताना आणि भाजताना ती आकसते. मिश्रणानुसार हे प्रमाण बदलते, पण साधारण ८ टक्के धरले, तर ६० सेंटीमीटरचा ठोकळा हवा असताना साचा सुमारे ६५ सेंटीमीटरच्या नमुन्यावरून करावा लागतो. जुन्याच ठोकळ्यावरून थेट साचा घेतला तर भट्टीतून जेमतेम ५५ सेंटीमीटरचा तुकडा बाहेर येईल आणि शेजाऱ्यांमध्ये बसणारच नाही. म्हणून कारागीर जुन्या ठोकळ्याचे माप घेऊन तो आकसण्याच्या हिशेबाने मोठा असलेला नमुना नव्याने घडवतात. पूर्वी यासाठी मुळातच वाढीव खुणा असलेली मोजपट्टी वापरत. आता ठोकळ्याचे त्रिमितीय स्कॅन करून संगणकावर तो हव्या प्रमाणात वाढवता येतो आणि यंत्राकडून नमुना कापून घेता येतो. तरीही पानांच्या कडा, चेहऱ्याची रेष अशा ठिकाणी शेवटचा हात माणसाचाच फिरतो. साच्यातून निघालेला ठोकळा सावकाश आणि सर्व बाजूंनी सारखा वाळवावा लागतो. घाई केली तर तो वाकतो. मग सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सियस तापमानाला तो भाजला जातो. नमुन्यापासून भट्टीपर्यंतच्या या प्रवासाला महिने लागतात, आणि म्हणूनच मागणी नोंदवताना प्रत्येक प्रकारचे काही जादा ठोकळे करून घेणे शहाणपणाचे ठरते.

झिलईचा रंग जुळवणे हा वेगळाच खटाटोप आहे. जुळवायचे ते मळलेल्या ठोकळ्याशी नव्हे, हलक्या हाताने धुतलेल्या ठोकळ्याशी. नाहीतर पुढे कधी इमारत धुतली की नवे ठोकळे काळपट डागांसारखे उठून दिसतात. दुसरे असे की जुन्या भट्ट्यांतली आच सगळीकडे सारखी नसे, त्यामुळे एकाच भिंतीवरच्या पांढऱ्यातही अनेक छटा असतात. सारे नवे ठोकळे एकाच अचूक छटेचे केले तर ते अचूकपणामुळेच परके वाटतात. म्हणून एका रंगाऐवजी तीन-चार छटांचा पल्ला ठरवतात, नमुने प्रत्यक्ष भिंतीवर लावतात आणि ऊन-सावलीत रस्त्यावरून पाहून मगच मंजुरी देतात.

ठोकळा काढताना आधी त्याच्याभोवतीच्या दरजा काळजीपूर्वक कापतात, म्हणजे शेजारच्या धड ठोकळ्याला धक्का बसत नाही. तो निघाला की मागचा भराव काढून पोलाद उघडे करतात. दर्शनी काम पाहणाऱ्याला कंटाळवाणा वाटेल, पण सारा खर्च सार्थकी लावणारा टप्पा हाच आहे: गंज खरवडून पोलादाला गंजरोधक लेप देणे, फार झिजलेली आधारपट्टी बदलणे, आत आलेले पाणी बाहेर वळवणारी धातूची किंवा पडद्याची पन्हळ बसवणे आणि त्या पाण्याला बाहेर पडायला दरजांत बारीक वाटा ठेवणे. नवा ठोकळा न गंजणाऱ्या पोलादाच्या कांबींनी अडकवतात. पूर्वीसारखी त्याची पोकळी विटा-मसाल्याने गच्च भरावी की मोकळी ठेवावी, यावर जागेनुसार निर्णय होतो. मोकळी ठेवली तर पाणी साचून राहत नाही, म्हणून अलीकडे शक्य तिथे तसे करतात. आणि दर मजल्यावरच्या आधारपट्टीखाली, पूर्वी जो नव्हता तो, नरम सांधा दिला जातो.

एवढा खटाटोप वाचल्यावर काँक्रीटचा मोह का होतो हे सहज कळते. पर्याय तसे अनेक आहेत: ओतीव काँक्रीट, काचतंतू मिसळलेले पातळ काँक्रीट, फायबरचे पत्र्यासारखे हलके आवरण. त्यांचे साचे जुन्या ठोकळ्यावरून थेट घेता येतात, कारण ते मातीसारखे आकसत नाहीत; ते लवकर तयार होतात आणि बहुधा स्वस्तही पडतात. वूलवर्थच्या दुरुस्तीत एरेनक्रांत्झ समूहाच्या वास्तुविशारदांपुढे आणखी एक अडचण होती. १९३० च्या मंदीनंतर आणि साध्या, नक्षीविरहित वास्तुशैलीच्या लाटेत टेराकोटाचे कारखाने एकामागून एक बंद पडले होते. वूलवर्थचे ठोकळे घडवणारी अटलांटिक कंपनीही १९४० च्या दशकात संपली होती. १९७७ मध्ये अमेरिकेत असे काम करू शकणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके उरले होते, त्यांतला सर्वांत नामांकित ग्लॅडिंग, मॅकबीन हा १८७५ पासूनचा कारखाना दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात होता. हजारोंच्या संख्येने ठोकळे हवे असताना काँक्रीट निवडणे हा त्या वेळचा समजण्यासारखा निर्णय होता.

तरी तो निर्णय कायमचा नव्हता, हे सांगायलाच हवे. काँक्रीट सुकताना आणि नंतरही काही काळ आकसत राहते, तर भाजलेली माती वर्षानुवर्षे फुगते. उन्हात काँक्रीट मातीपेक्षा अधिक पसरते आणि फायबर त्याहूनही अधिक. म्हणजे एकाच भिंतीत शेजारी बसलेले दोन पदार्थ वेगवेगळ्या चालीने हलतात, आणि ती तफावत दरजांत उघडी पडते. दिसण्यातही फरक वाढत जातो. झिलई काचेसारखी असल्यामुळे तिचा रंग उडत नाही. काँक्रीटवर दिलेला रंगाचा लेप ऊन-पावसाने फिका होतो आणि तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. पहिल्या दिवशी हुबेहूब दिसणारा तुकडा वीस वर्षांनी वेगळा दिसतो, कारण त्याचे म्हातारपण शेजाऱ्यासारखे नसते. माझ्या दृष्टीने पर्यायी पदार्थाचा खरा हिशेब बसवतानाच्या किमतीवर न करता या पुढच्या लेपांच्या आणि परांच्यांच्या खर्चासह करायला हवा, आणि तसा केला की मातीचा ठोकळा वाटतो तितका महाग राहत नाही. अर्थात जिथे मूळ कंगोराच नाहीसा झाला आहे आणि सांगाडा जादा वजन पेलू शकत नाही, तिथे हलका पर्यायच योग्य असतो.

योगायोग असा की वूलवर्थचे काम ज्या वर्षी संपले त्याच वर्षी, १९८१ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातच बफेलो शहराजवळचा कुंड्या बनवणारा एक जुना कारखाना नव्या मालकांनी विकत घेतला आणि तो बॉस्टन व्हॅली टेराकोटा या नावाने इमारतींच्या ठोकळ्यांकडे वळवला. त्यांचे सुरुवातीचे मोठे काम बफेलोतल्याच, अ‍ॅडलर आणि सलिव्हन या वास्तुविशारदांनी उभारलेल्या १८९६ च्या गॅरंटी इमारतीचे होते. तिच्या लालसर, नखशिखान्त नक्षीच्या भिंतींसाठी नवे ठोकळे मातीचेच घडवले गेले. चार वर्षांपूर्वी जो पर्याय पूर्व किनाऱ्यावर जवळपास नव्हता, तो असा पुन्हा उपलब्ध झाला. वूलवर्थला न्यूयॉर्क शहराने संरक्षित वास्तूचा दर्जा दिला तो १९८३ मध्ये, म्हणजे काँक्रीटचे तुकडे बसून झाल्यानंतर; त्यानंतर तिच्या दर्शनी भागात कोणताही बदल करायचा तर शहराच्या वास्तुजतन आयोगाची परवानगी लागते. पाच वर्षांच्या पाहणीचा नियम तिलाही लागू आहे, आणि त्या पाहणीत १९१३ च्या टेराकोटाबरोबर आता ते काँक्रीटचे तुकडे, त्यांचा लेप आणि दोन्ही पदार्थ भिडतात त्या दरजाही तपासाव्या लागतात.